मोरोक्को: फेब्रुवारी-मार्चमधला थंडीचा हंगाम, रमजान आणि आखणी

आडवाट

फेब्रुवारी २०२७ च्या शेवटच्या आठवड्यापासून ११ रात्री मोरोक्कोत काढायच्या आहेत. मुंबईहून चौघे. दोघे सत्तरीच्या आसपासचे (चालतात, पण जिने नकोसे वाटतात), दोघे शाकाहारी, अंडं चालतं. कच्ची आखणी अशी:

कासाब्लांका १, शेफशाउएन २, फेस २, मेरझूगा १, दादेस १, मराकेश ३, कासाब्लांका १.

प्रश्न चार. गर्दी आणि भाव खरंच कमी असतात का? थंडी किती? अ‍ॅटलासचे घाट बर्फाने बंद होतात का? आणि शाकाहाऱ्यांनी खायचं काय? सुट्ट्या मंजूर झाल्यात, त्यामुळे तारखा आठवडाभर मागेपुढे होतील, महिनाभर नाही.

नकाशेवाला

चार प्रश्न विचारलेत, पण पाचवा राहिला आणि तोच सगळ्यात मोठा आहे. २०२७ चा रमजान साधारण ८-९ फेब्रुवारीला लागतो आणि ईद ९-१० मार्चच्या आसपास येते. नेमका दिवस चंद्रदर्शनावर ठरतो, मोरोक्को स्वतःचं चंद्रदर्शन करतो आणि पुष्कळदा सौदीच्या एक दिवस मागे असतो. म्हणजे तुमचा अख्खा प्रवास रमजानात आहे.

'फेब्रुवारीत मोरोक्को म्हणजे शांत' असं सांगणारे बहुतेक लेख जुने आहेत. तेव्हा रमजान मे-जूनमध्ये यायचा. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने तो सरकत आता थंडीत आलाय. २०२८ मध्ये तो जानेवारीअखेर लागून फेब्रुवारीच्या शेवटी संपेल, म्हणजे मार्च मोकळा. २०२९ मध्ये फेब्रुवारीचा उत्तरार्धही मोकळा होईल.

लगेच रद्द करू नका. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा: घड्याळ. २०१८ पासून मोरोक्को वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे असतो, अपवाद रमजानचा. रमजानआधीच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि ईदनंतरच्या रविवारी पुन्हा पुढे. भारताशी फरक एरवी साडेचार तास, रमजानात साडेपाच. गोंधळ होतो तो तीन ठिकाणी:

- फोन नेटवर्कवरून वेळ घेत असेल तर ठीक. 'कासाब्लांका' विभाग हाताने निवडला असेल आणि फोन जुना असेल, तर तो बदल त्याला माहीतच नसतो.
- विमानाच्या तिकिटावरची वेळ स्थानिक असते, पण सात-आठ महिने आधी काढलेल्या तिकिटाची वेळ नंतर तासाने हलू शकते. निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.
- तिथली माणसं बोलताना 'जुनी वेळ' की 'नवी वेळ' असं विचारतात. कुणी 'आठला गाडी' म्हटलं तर कोणते आठ, ते विचारून घ्या.

याचा फायदाही आहे. रमजान नसताना फेब्रुवारीच्या मध्यात मराकेशला सूर्य घड्याळात आठ वाजून गेल्यावर उगवतो. रमजानात तोच सव्वासातला. सकाळी लवकर निघायची सवय असलेल्यांना हे बरं.

शिरखुर्मा

रमजानातला दिवस कसा चालतो ते सांगतो, मग आखणी आपोआप बसते.

सकाळी दहापर्यंत बाजार झोपलेला. अकरापासून दुकानं उघडतात. सरकारी कचेऱ्या साधारण नऊ ते तीन, एका दमात. प्रेक्षणीय वास्तू तास-दोन तास लवकर बंद होतात, त्यामुळे राजवाडे आणि मदरसे सकाळी, बाजार दुपारी, असा क्रम ठेवा. चारनंतर लोक घाईत असतात, भाजी-खजुरासाठी झुंबड, गाड्या वेगात. रस्त्यावर वाहन चालवायला दिवसातला सगळ्यात वाईट तास तो, कारण पोटात सकाळपासून पाणीही नाही आणि प्रत्येकाला घर गाठायचंय.

सूर्यास्त फेब्रुवारीअखेर फेसला सव्वासहाच्या आसपास, मराकेशला साडेसहाच्या जरा आधी. भोंगा वाजतो आणि शहर थांबतं, अक्षरशः. पाऊण ते एक तास टॅक्सी नाही, दुकान नाही, हॉटेलच्या दाराशी माणूस नाही. सव्वासातपासून हळूहळू हालचाल, आणि तरावीहची (रमजानातली रात्रीची) नमाज झाल्यावर साडेनऊ ते मध्यरात्र गल्ल्या माणसांनी फुललेल्या. हा भाग एरवीच्या फेब्रुवारीत बघायला मिळत नाही.

इफ्तारला तिथे 'फ्तूर' म्हणतात. हरीरा (टोमॅटो, मसूर, हरभऱ्याचं दाट सूप), खजूर, उकडलेली अंडी, दूध, आणि शबाकिया: चिरोट्याच्या जातीची पट्ट्यांची वीण, तळून मधात बुडवलेली, वर तीळ. सेल्लू नावाचा प्रकार म्हणजे भाजलेलं पीठ, बदाम, तीळ, बडीशेप यांचं सुकं सारण. लाडू वळायचे राहून गेल्यासारखं दिसतं, ताकद भरपूर.

बाहेरच्यांनी दिवसा खायला बंदी नाही. मराकेश-फेसमध्ये पर्यटकांची उपाहारगृहं उघडी असतात, लहान गावांत बंद. रस्त्यावर चालताना खाऊ-पिऊ नका, एवढं पुरे. ज्येष्ठांना पाणी लागेल, ते गाडीत किंवा एखाद्या आडोशाला प्यायलात तर कुणी काही म्हणत नाही.

आपल्यातल्या मुस्लिम वाचकांसाठी वेगळी नोंद. तिथल्या दंडसंहितेचं कलम २२२ 'मुस्लिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या' व्यक्तीने धर्ममान्य कारणाशिवाय उघड्यावर रोजा मोडण्याला लागू आहे. प्रवाशाला धर्मात सवलत आहे हे खरं, पण ते रस्त्यात समजावत बसण्यापेक्षा खोलीवर खाल्लेलं बरं.

उंबरठा

नकाशेवाला यांच्याशी थोडा असहमत. तारखा १३ मार्चच्या पुढे ढकलता आल्या तर ढकला. ईदचे दोन-तीन दिवस मात्र टाळाच, तेव्हा बस आणि रेल्वे गावी जाणाऱ्यांनी भरलेल्या असतात आणि निम्मी दुकानं उघडत नाहीत. १३ ते २४ मार्च ही फट चांगली आहे. २८ मार्चला ईस्टर आहे, त्याच्या आधीपासून भाव चढतात.

आणि 'फेब्रुवारी म्हणजे स्वस्त' हेही सरसकट खरं नाही. फ्रान्समधल्या शाळांना विभागवार हिवाळी सुट्टी असते, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ब्रिटिश शाळांची आठवड्याची सुट्टी फेब्रुवारीच्या मध्यात. मराकेश आणि अगादिरला तेव्हा पर्यटक असतात, रमजानमुळे थोडे कमी इतकंच. फेस, मेकनेस, दक्षिणेकडचं वाळवंट इथे खरी शांतता. राहण्याचे भाव घासाघीस करायचे असतील तर तिकडे करा, मराकेशला नाही.

आडवाट

१३ मार्च जमणार नाही, दोघांची सुट्टी फेब्रुवारीतच आहे. रमजान धरूनच आखू. थंडीबद्दल सांगा.

दगडीचौक

आकडे आधी, फेब्रुवारीचे, दुपार आणि पहाट: मराकेश २० आणि ७-८, फेस १६-१७ आणि ५, कासाब्लांका १८ आणि ९, मेरझूगा २० च्या आसपास आणि ४-५. मिडेल्टसारख्या उंचावरच्या गावात पहाटे शून्याजवळ. इफ्रानला बर्फ. आफ्रिका खंडातलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान याच इफ्रानचं आहे, उणे २३.९, तेही ११ फेब्रुवारी १९३५ चं.

हे आकडे वाचून पुण्याच्या डिसेंबरसारखंच की, असं वाटेल. फसगत इथेच होते. बाहेर थंडी नसते, घरात असते.

रियाद म्हणजे आपला चौकाचा वाडा. मध्ये उघडा चौक, भोवती खोल्या, खिडक्या बाहेर रस्त्याकडे नसतात, चौकात उघडतात. जाड भिंती, फरशी, उंच छत. सगळी रचना उन्हाळ्यात गारवा धरून ठेवण्यासाठी केलेली. त्याच भिंती डिसेंबर-जानेवारीत गार होतात आणि मार्चपर्यंत तशाच राहतात. दुपारी गच्चीवर २० अंश असताना तळमजल्यावरच्या खोलीत १३-१४ असतात. ऊन चौकाच्या तळाशी पोचतच नाही, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला. त्यात पावसाची झड आली की ओल.

खोली ठरवण्याआधी मालकाला पुढचे प्रश्न लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

१. खोलीत गरम हवा देणारा एसी आहे का? 'एसी आहे' हे उत्तर पुरेसं नाही, काही नुसते गार करणारे असतात. फ्रेंचमध्ये 'शोफाज' म्हणजे खोली गरम करायची सोय, हा शब्द वापरा.
२. तो रात्रभर चालू ठेवता येतो का, की दहा वाजता मुख्य बटण बंद होतं? जादा आकार आहे का?
३. थंडीत चौकावर आच्छादन घालतात का? काही रियाद काच किंवा ताडपत्री सरकवतात. मोठा फरक पडतो.
४. न्हाणीघर खोलीला जोडून आहे की चौक ओलांडून?
५. गरम पाणी गॅसचं, विजेचं की सौर? ५० लिटरच्या टाकीवर दोन खोल्या असतील तर दोन अंघोळी होतात, तिसऱ्याला पाऊण तास थांबावं लागतं. सौर असेल आणि दोन दिवस ढग असतील तर बोलायलाच नको.
६. ज्येष्ठांसाठी खोली कितव्या मजल्यावर? तळमजला गार आणि ओलसर, तिसरा मजला उबदार पण पायऱ्या अरुंद आणि एकेक वीतभर उंच. पहिला मजला, चौकाची उत्तर बाजू (दक्षिणेकडे तोंड), ही मधली वाट.

फेसला मी तर ज्येष्ठांना मदिनेत (म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर) ठेवायच्या विरोधात आहे. जुन्या फेसमध्ये गाडी जात नाही, सामान हातगाडीवरून येतं, तलाआ केबिरा आणि तलाआ सेगिरा या दोन्ही मुख्य गल्ल्या बाब बू जलूदपासून खाली उताराच्या. पावसात दगड गुळगुळीत होतात, त्यात मागून 'बालाक!' अशी हाळी आली की गाढवाला वाट द्यायला भिंतीला चिकटायचं. बाब बू जलूदपासून दोन-तीन मिनिटांच्या आत, दाराशी टॅक्सी थांबते असा रियाद घ्या, किंवा सरळ नव्या शहरातलं हॉटेल घेऊन दिवसा मदिनेत या.

कपडे: एक जाड कोट नेण्यापेक्षा थर. आतून थर्मल, वर सुती, वर लोकरीचं, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. कानटोपी आणि लोकरीचे मोजे झोपायला लागतील. फरशीवर अनवाणी चालवत नाही, घरात घालायच्या चपला बंद पंजाच्या न्या. गरम पाण्याची रबरी पिशवी दोन नग, वजन काहीच नाही, कामाला सोन्यासारखी.

सुतळी

वरच्या पाचव्या मुद्द्याला जोडून, कारण हा जिवाचा मामला आहे. स्वस्त घरांमध्ये न्हाणीघराच्या आतच गॅसचा गिझर असतो, किंवा खोलीत सिलिंडरवरची शेगडी आणून ठेवतात. दारं-खिडक्या थंडीमुळे बंद. हवा खेळती नसली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. मोरोक्कोत दर थंडीत अशी माणसं जातात.

गिझरची ज्योत निळी हवी, पिवळी-नारिंगी असेल तर वापरू नका. धूर बाहेर नेणारी नळी भिंतीतून बाहेर गेली आहे ना, ते डोळ्यांनी बघा. खिडकीची फट कापड कोंबून बुजवू नका. शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, मालक कितीही 'माशी मुश्किल' (म्हणजे काही अडचण नाही) म्हणाला तरी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा मिळतो, तळहाताएवढा. एक बॅगेत टाका. डोकं जड, मळमळ, एकाच वेळी दोघांना: लगेच बाहेर.

घाटकरी

आता घाट. तुमच्या मार्गावर बर्फाच्या दोन जागा आहेत.

पहिली फेस ते मेरझूगा, अझरूपासून पुढे एन १३ रस्ता. इफ्रान, अझरू, मग मिडेल्टच्या आधी झाद खिंड, २१७८ मीटर. दुसरी वार्झाझात ते मराकेश, एन ९, तिझी न तिश्का, २२६० मीटर. बर्फ पडला की पोलीस खाली फाटक टाकतात आणि यंत्राने रस्ता साफ होईपर्यंत गाड्या अडवतात. बहुधा काही तासांत उघडतो, जोराचं वादळ असेल तर दिवस जातो. जानेवारीपेक्षा फेब्रुवारीअखेर शक्यता कमी, पण मार्चमध्येही बंद झालेला आहे.

गणित असं मांडा:

- घाट ओलांडायचा दिवस आणि परतीचं विमान यांच्यामध्ये किमान दोन रात्री हव्यात. तुमच्या आखणीत त्या आहेत, हलवू नका.
- ओलांडायची वेळ ११ ते ३. सकाळी उत्तरेकडच्या, सावलीतल्या वळणांवर दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेलं पाणी असतं. ते काळं दिसतं, ओला डांबरी रस्ताच वाटतो. चारनंतर ढग खाली येतात, शिवाय रमजानची घाई.
- भाड्याच्या गाडीत चाकांच्या साखळ्या नसतात. फाटक उघडलं तरी पुढच्या गाडीच्या मागे, दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेक न मारता.
- इंधन वार्झाझातला पूर्ण भरा. अडकलात तर गाडीत हीटर लावून बसायला लागतं.

तिश्का बंदच राहिला तर वळसा: वार्झाझातहून एन १० ने ताझनाख्त, तालिउइन, तारूदांत, तिथून अगादिरच्या बाजूला ए ३ महामार्ग पकडून मराकेश. तिश्काने चार-साडेचार तास लागतात, या वळशाने जवळजवळ दुप्पट. लांब आहे पण इतका उंच चढत नाही. तालिउइनला केशर पिकतं, म्हणजे वळसा अगदीच वाया नाही. नकाशात तिझी न तेस्तचा जवळचा रस्ता दिसेल, त्याला हात लावू नका. अरुंद आहे, २०९० मीटरपर्यंत चढतो आणि सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाचा मार त्याच भागाला बसला.

स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर: उजवीकडून वाहतूक, गावात ६०, बाहेर १००, महामार्गावर १२०. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. पण चौघे, त्यात ज्येष्ठ, त्यात रमजान. चालकासह गाडी घ्या. ठरवताना चालकाचं जेवण-राहणं भाड्यात आहे का, आणि तो कोणत्या शहरातून परत जाणार (रिकाम्या फेरीचं इंधन कोण देणार) हे आधी बोला. तो उपाशी असतो, म्हणून दिवसाचा टप्पा पाच वाजता संपेल असाच ठेवा.

नकाशेवाला

घाटकरींच्या हिशोबाने बघितलं तर मूळ आखणीतला फेस ते मेरझूगा एका दिवसात, ४६० किलोमीटर, आठ तास, हा टप्पा रमजानात बसत नाही. मिडेल्टला रात्र टाका. फेस-मिडेल्ट २०० किलोमीटर, साडेतीन-चार तास, मध्ये अझरूच्या देवदार वनात माकडं. दुसऱ्या दिवशी मिडेल्ट-मेरझूगा २६० किलोमीटर, झीझ नदीच्या खोऱ्यातून खजुराची बनं बघत.

त्यासाठी रात्री कुठून आणायच्या? शेफशाउएन काढा. रीफ पर्वतातलं ते गाव थंडीत मोरोक्कोतल्या सगळ्यात पावसाळी भागात येतं, पूर्ण गाव चढावर, पायऱ्याच पायऱ्या. निळ्या भिंतींच्या फोटोंना ऊन लागतं. फेसहून जायला-यायला एकेक अर्धा दिवस खर्च.

उंबरठा

शेफशाउएन काढण्याला अनुमोदन. त्याऐवजी फेसची एक रात्र वाढवून मेकनेस आणि वोलुबिलिस करा. या महिन्यात कुणी विचारलं 'एकच जागा सांग' तर हीच. रोमन शहराचे अवशेष, जमिनीवर जागच्या जागी असलेली मोझाइकं, आणि भोवती थंडीच्या पावसाने हिरवी झालेली गव्हाची शेतं, रानफुलं. मेमध्ये तोच माळ पिवळा आणि सावली कुठेच नाही. फक्त पाऊस होऊन गेला असेल तर चिखल बुटाला किलोभर चिकटतो. जवळच मौले इद्रिस गाव, तिथे चहा (रमजानात नाही, अर्थात).

बदामाचा बहर बघायचा असेल तर तो ताफ्राउतला, अँटी-अ‍ॅटलासमध्ये, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. गुलाबी खडक, खाली पांढरट-गुलाबी झाडं. पण तुमच्या मार्गापासून फार दक्षिणेला आहे. अगादिरहून येणाऱ्यांनी करावं. उलट दादेसजवळची 'गुलाबाची दरी' म्हणून जे विकतात ते या दिवसांत नुसत्या काटेरी कुंपणासारखं दिसतं, गुलाब एप्रिल-मेमध्ये.

हिंगजिरे

शाकाहाराचं कुणीच घेतलं नाही, म्हणून मी घेते.

मुख्य अडचण: 'भाजीचं ताजीन' (झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) मागवलं की भाजीचंच येतं, पण ते मांसाच्या रश्श्यात शिजलेलं असू शकतं, किंवा मांसाच्या ताजीनमधून तुकडे काढून वाढलेलं. शुक्रवारचा सात भाज्यांचा कुसकुस जवळजवळ नेहमी मांसाच्या रश्श्यावर वाफवतात. हरीरामध्ये बरेचदा मटणाचे बारीक तुकडे असतात, त्यामुळे वरवर बघून कळत नाही. 'मी शाकाहारी' हे वाक्य निरुपयोगी आहे, अनेकांच्या लेखी कोंबडी आणि मासे शाकाहारात बसतात. हे म्हणा: 'ब्ला ल्हम, ब्ला द्जाज, ब्ला हूत, ब्ला मर्का द ल्हम': मटण नको, कोंबडी नको, मासे नकोत, मटणाचा रस्सा नको. शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा.

बिनधास्त चालणारे पदार्थ:

- बिसारा: सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल, जिरं, तिखट. आपल्या पातळ पिठल्याच्या जवळचं. हे खास थंडीचं खाणं. एरवी सकाळी टपरीवर मिळतं, रमजानात सूर्यास्तानंतर शोधा.
- झालूक: वांगं-टोमॅटो-लसूण, म्हणजे भरीतच. तक्तूका: भाजलेली ढोबळी मिरची आणि टोमॅटो.
- लूबिया (पांढऱ्या घेवड्याची उसळ) आणि आदस (मसूर). यातही रश्श्याचा प्रश्न विचारायचाच.
- म्समन: घड्या घालून केलेली चौकोनी पोळी. बघरीर: जाळीदार, आंबोळीसारखी. हर्शा: रव्याची जाड भाकरी. तिन्हींवर मध किंवा अमलू (बदाम, अर्गन तेल, मध यांची चटणी).
- माकूदा: बटाट्याचे पॅटिस, अंडं असतं बहुधा.

जैन असाल तर कांदा-लसणाशिवाय ताजीन होत नाही, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या.

रमजानातली व्यवस्था: रियादला सकाळी सांगा की रात्री आठला जेवण हवं, काय हवं तेही. स्वयंपाकीण फ्तूरसाठी घरी जाते, आयत्या वेळी काही होत नाही. दुपारसाठी आदल्या रात्री खरेदी: खोब्झ (गोल पाव), ऑलिव्ह, जबन (ताजं पांढरं चीज), खजूर, संत्री. या दिवसांत संत्री आणि स्ट्रॉबेरी दोन्ही ऐन बहरात. वाळवंटात, मिडेल्टला दुपारी काहीच मिळणार नाही असं धरून चाला. छोटी विजेची किटली, उपमा-पोह्यांची तयार पाकिटं, मेतकूट-तूप असं आठ-दहा जेवणांपुरतं न्या. पिना दोन गोल, युरोपसारख्या, २२० व्होल्ट. आपली तीन पिनांची वायर बसत नाही.

चहात थंडीत पुदिन्याबरोबर 'शीबा' घालतात, कडवट असते, दवण्याच्या कुळातली. अंगात ऊब आणते असं मानतात. एकदा घ्या. दुसऱ्यांदा घ्यायचा की नाही हे जिभेवर.

आडवाट

फार उपयोगी. उरलेले छोटे प्रश्न: उंटावर ज्येष्ठांनी बसावं का? शहरात फिरायला टॅक्सी? पैसे? आणि व्हिसा?

घाटकरी

उंट: नको. उठताना तो मागचे पाय आधी सरळ करतो, बसलेला माणूस पुढे फेकला जातो (बसणाऱ्याने मागे रेलायचं असतं), रिकीब नसते, मांड्या आणि कंबर तासाभरात भरून येतात. वाळवंटातल्या मुक्कामाच्या तंबूंपर्यंत जीप जाते, भाड्यात बहुधा धरलेली असते. दोघे उंटावर, दोघे जीपने. तंबूत गरम करायची सोय आहे का हे रियादसारखंच विचारा. नसेल तर मेरझूगा गावात, वाळूच्या कडेला पक्क्या हॉटेलात राहून पहाटे टेकडीवर जा. फेब्रुवारीअखेरपासून वारा वाढतो. वाळू उडायला लागली की कॅमेऱ्याची भिंग बदलू नका.

शिरखुर्मा

टॅक्सी: छोट्या टॅक्सीत तीनच प्रवासी, कायद्याने. तुम्ही चौघे. म्हणजे दोन टॅक्स्या किंवा मोठी टॅक्सी. छोट्या टॅक्सीचा रंग शहरागणिक: कासाब्लांका आणि फेस लाल, रबात निळी, मराकेश मातकट. फेसला मीटर टाकतात, मराकेशला सांगावं लागतं: 'कॉन्तर'. रात्री आठनंतर मीटरवर ५० टक्के जादा, ते नियमातच आहे, भांडू नका. मोठी टॅक्सी सहा प्रवाशांची शेअर असते. सहा जागांचे पैसे दिलेत की अख्खी तुमची. ज्येष्ठांसाठी तेच.

'रस्ता बंद आहे, इकडून या' म्हणणारा पोरगा तुम्हाला चर्मालयाशेजारच्या दुकानात नेतो. रस्ता बंद नसतो. रमजानात संध्याकाळी पाच-सहाला मात्र दुकानंच बंद असल्याने खरंच अडकायला होतं, तेव्हा तासभर आधी मदिनेबाहेर पडा.

मशिदीत गैरमुस्लिमांना प्रवेश नाही. अपवाद कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद, मार्गदर्शकासह. रमजानात तिथल्या फेऱ्या कमी होऊन सकाळवर येतात, म्हणून पोचल्या दिवशी दुपारी जमणार नाही.

सुतळी

पैसे: दिरहम (तिथलं चलन) देशाबाहेर मिळत नाही असंच धरा, आणि बाहेर नेता येतो तो २००० पर्यंत. युरोच्या नोटा न्या, विमानतळावर थोडेच बदला, उरलेले शहरात. रुपये कुणी घेत नाही. फॉरेक्स कार्डावर युरो भरून घ्या. बँकेच्या कार्डाचा परदेशी वापर मुंबईतच चालू करा, कारण ओटीपी तिकडे येईलच असं नाही. लहान दुकानं, टॅक्सी, हमाल सगळं रोख. २० च्या नोटा आणि सुटी नाणी जपा.

व्हिसा: ई-व्हिसा सरकारी 'ऍक्सेस मारोक' संकेतस्थळावर. १८० दिवसांच्या मुदतीत एकदा प्रवेश, ३० दिवस मुक्काम. पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, हे मराठी नावांत नेहमी होतं. छापील प्रत जवळ ठेवा. आणि उत्तरेला सेउता दिसलं म्हणून तिकडे पाय टाकू नका, तो स्पेनचा मुलूख आहे. शेंगेन व्हिसा नसेल तर आत घेत नाहीत, आणि असला तरी परत यायला तुमचा एकदाचा मोरोक्कन प्रवेश संपलेला. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनीही हे लक्षात ठेवावं, तान्जेरहून स्पेनमधल्या तारिफाची बोट तासाभराची असली तरी.

ड्रोन नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

आडवाट

सुधारलेली आखणी: कासाब्लांका १, रेल्वेने फेस ३ (एक दिवस मेकनेस-वोलुबिलिस), मिडेल्ट १, मेरझूगा २, दादेस १, मराकेश ३. परतीचं विमान कासाब्लांकाहून रात्री साडेनऊचं आहे. मराकेशहून दुपारी निघून थेट विमानतळ गाठावा म्हणते. चालेल?

घाटकरी

मार्ग चालेल. दादेस-मराकेशच्या दिवशी सकाळी आठला निघा, तरच तिश्कावर दुपारी असाल.

नकाशेवाला

परतीच्या दिवसात गडबड आहे. मराकेश ते कासाब्लांका रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास, मग विमानतळाच्या गाडीसाठी बदल. साडेनऊच्या विमानाला साडेसहाला विमानतळावर हवंत, म्हणजे नेमकं फ्तूरच्या भोंग्याला. तेव्हा गाडी चुकली तर टॅक्सी मिळणार नाही, आणि बॅगा उचलायलाही कुणी नसेल. सकाळी अकराच्या आत मराकेश सोडा, चारच्या आधी विमानतळावर पोचाल असं बघा. तीन तास जादा बसाल, बसा. किंवा शेवटची रात्र मराकेशऐवजी कासाब्लांकाला टाका, तुमच्या पहिल्या आखणीत होती तशी, म्हणजे सकाळची मशिदीची फेरीही त्यात बसेल.

हिंगजिरे

कासाब्लांकाला टाका. आणि विमानतळावरच्या उपाहारगृहावर विसंबू नका, थेपले हातातल्या पिशवीत.